राळेचं लाकूड आणि आपली शेकोटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आपल्या मेळाव्यात दरवेळी डॉक्टर बोलतात, इंजिनिअर बोलतात, एकदा तर तहसीलदार बोलून गेले. यंदा संयोजकांनी एका स्वयंपाक्याला उभं केलंय. मी सैन्यात सतरा वर्षं लंगरमध्ये काढली. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. गोळी मी वर्षातून एखाद्या वेळी, फायरिंगच्या मैदानावर झाडली. चूल मात्र रोज पेटवली, पहाटे साडेतीनला. मला विषय दिला होता ‘सैन्यातले अनुभव’. तो मी बदलून मागितला. मी विस्तव कसा पेटवायचा यावर बोलणार आहे.

हसताय, हसा. पण समोर बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांना मी सकाळी विचारलं, की शेकोटी कशी पेटवाल? सात जणांपैकी सहा जणांनी सांगितलं, “डिझेल टाकून.” सातवा म्हणाला, “टायर.” हे आपल्या अकोले तालुक्यातलं उत्तर आहे! घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात त्याला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला नगरच येतं). त्या पावसात आपल्या आयांनी चार-चार महिने चूल पेटती ठेवली, ती काय डिझेल टाकून? चुलीवरच्या माळ्यावर वाळक्या काटक्या, कारवीच्या काड्या, गोवऱ्या रचलेल्या असायच्या. खालच्या धुरानं त्या वाळत राहायच्या. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकणीनं जागे करायचे. काडेपेटी वाचवायची म्हणून शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा.

मला हे घरून येतच होतं. पण विस्तवाची खरी शाळा झाली ती कुमाऊँच्या डोंगरात, राणीखेतच्या बाजूला. आमच्या लंगरचे उस्ताद तिथलेच, पहाडी माणूस. रॉकेलचे बर्नर होते आमच्याकडे, पण बाहेर तळ पडला की लाकडाच्याच चुली. तिकडे हजार-दोन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात चिडाचं जंगल. चीड म्हणजे पाईन. सुईसारखी लांब पानं, तीन-तीनच्या जुडग्यात. जमिनीवर त्या सुयांचा गालिचा. त्याला तिकडे पिरूळ म्हणतात. पाय ठेवला की घसरलाच.

उस्तादांनी मला एका मेलेल्या झाडाच्या खुंटापाशी नेलं. वरून अगदी कुजलेला. बुटानं लाथ मारली तर बाहेरचं लाकूड भुशासारखं झडलं. आतला गाभा मात्र तसाच उभा, टणक. त्यांनी कुऱ्हाडीनं एक ढलपी काढून हातात दिली. रंग मधासारखा, उजेडाकडे धरली तर कडेनं थोडा प्रकाश आरपार दिसायचा. वजनाला जड, बोटाला चिकट. वास रंगाच्या दुकानात टर्पेंटाईनचा येतो, तोच. त्यांच्या बोलीत याला छिलुक म्हणतात. नेपाळी जवान त्यालाच दियालो म्हणायचे. वीज नव्हती तेव्हा पहाडातल्या घरात हाच दिवा होता. भिंतीतल्या कोनाड्यात सपाट दगडावर एक कांडी पेटवून ठेवायची, संपत आली की दुसरी लावायची.

आता हे असं होतं कसं, ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चिडाला जखम झाली की झाड त्या जागी राळ सोडतं. फांदी मोडली, कीड लागली, कोणी घाव घातला, की घट्ट चिकट रस येऊन जखम बुजवतो. कीड आत जाऊ नये, बुरशी धरू नये, म्हणून. झाड मेलं की बाहेरचं मऊ लाकूड पावसात कुजून जातं, पण राळेनं भरलेला गाभा कुजत नाही. रसातला पातळ भाग, म्हणजे टर्पेंटाईन, हळूहळू उडून जातो आणि घट्ट राळ लाकडाच्या शिरांमध्ये बसून राहते. पाणी आत शिरत नाही. म्हणून आठवडाभर पाऊस झाला तरी वरची ओली साल तासून टाकली, की आतली ढलपी एका काडीत पेट घेते. गाठी आणि फांदीचा बुडखा इथे राळ सर्वांत जास्त साठते. हीच राळ तिकडे जिवंत झाडाला खाच पाडूनही काढतात. तिला लीसा म्हणतात. ती कारखान्यात उकळली की वाफेतून टर्पेंटाईन मिळतं आणि मागे राहते ती कोरडी पिवळी राळ. आपल्यातले जे एमआयडीसीत सोल्डरिंग करतात ना, त्यांच्या तारेतही तीच असते.

पेटवायची पद्धत अशी. ढलपी शिरांच्या दिशेनं फाडायची, करंगळीएवढी. मग चाकूची पाठ काटकोनात धरून एका बाजूनं खरवडायचं. भुरा पडतो, खोबऱ्याच्या किसासारखा. लिंबाएवढा ढीग झाला की पुरे. त्याला काडी लावायची. ज्योत पिवळी, उंच, चरचर आवाज करत येते. तिच्यावर बारीक कांड्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढी लाकडं. उस्तादांचं एकच वाक्य होतं, “पहले बारीक, फिर मोटा.” आणि चहाचं पातेलं राळ जळून गेल्याशिवाय ठेवायचं नाही. राळेचा धूर काळा, तेलकट. भांडं असं धरतं की वाळूनं घासलं तरी जात नाही, आणि चहा रंगाच्या डब्यासारखा लागतो. नवीन पोरं घाई करायची आणि सुभेदारसाहेबांच्या शिव्या खायची.

‘पहले बारीक’ हे आपल्या भाषेत आधीपासूनच आहे, फक्त आपण विसरलो. “टीकेची राळ उडवली” असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. ही कुठली राळ? सोंगांच्या खेळात रात्री देवाचं किंवा राक्षसाचं सोंग आलं, की टेंभ्यावर राळेची पूड फेकायचे. भप्पकन ज्वाळा उठायची आणि लहान पोरं आईच्या पदरात शिरायची. आता त्याच राळेचा खडा घेऊन टेंभ्यावर धरा. वितळेल, टपकेल, हळूहळू पेटेल, भडका काही होणार नाही. वस्तू तीच, पण पूड केली की चहूबाजूंनी हवा लागते. जाड लाकडाचा ओंडका आणि त्याच्या ढलप्या यांच्यात हाच फरक आहे. तुमची शेकोटी पेटत नाही ती तेल कमी म्हणून नव्हे, लाकूड जाड म्हणून.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण मला नेहमी विचारतात, “आपल्या बाभळीलाही डिंक येतो की, तो नाही का पेटत?” नाही पेटत नीट. डिंक वेगळा, राळ वेगळी. बाभळीचा, धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तर बाळंतिणीच्या लाडवात चालतो. तो विस्तवात टाकला तर फुगतो, करपतो. राळ पाण्यात विरघळत नाही, ती वितळते आणि जळते. दोन्हींच्या मधली एक जात आहे, सालई. सातपुड्यात, मेळघाटात ही झाडं भरपूर. साल कागदासारखी पापुद्र्यांची. तिच्या चिकात डिंकही असतो आणि राळही, म्हणून निखाऱ्यावर टाकला की सुगंधी धूर देतो. देवापुढच्या धुपात तो असतो. अरबस्तानातला लोबान तिच्याच भाऊबंदांपैकी एका झाडाचा. नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद याच सालईच्या लाकडापासून आणि बांबूपासून केला जायचा. पण चिडासारखं राळेनं ठासून भरलेलं लाकूड आपल्या सह्याद्रीत नाही. चीड हिमालयाचा.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे जे आहे ते वापरायचं. वाळलेली कारवी. सात वर्षांनी ती फुलते आणि मग अख्खी जाळीच्या जाळी मरून वाळते. त्या काड्या नुसत्या भणभणतात. निलगिरीची सुटून लोंबणारी साल आणि वाळका पाला, त्यात तेल असतं. घाणेरीच्या वाळक्या काटक्या, आणि ती जितकी तोडाल तितकी बरीच. पठाराकडच्या लोकांनी तुराट्या, पळाट्या आणाव्यात. जुनी माणसं तर चकमकीच्या ठिणगीवर शेवरीचा कापूस धरून चिलीम पेटवायची. आणि अंधारातून चालताना वाळक्या काड्यांची चूड घ्यायची. आता ‘चूड लावली’ हे फक्त भांडणात म्हणतात.

राळेचं लाकूड मात्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कारखान्याच्या मागे पडलेलं आहे, हे मला अलीकडे कळलं. परदेशातून मशीन येतं ते पाईनच्या खोक्यात येतं, पॅलेटही बऱ्याचदा पाईनच्या. फळी पाहा. गाठीभोवती पिवळसर, तुकतुकीत रेघा दिसतील, नखानं खरवडलं तर टर्पेंटाईनचा वास येईल. तेवढा तुकडा कापून घ्यायचा. फक्त त्यावरचा शिक्का वाचायचा. गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं, शेजारी दोन इंग्रजी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूनं धुरी दिलेली असते. ते जाळायचं नाही. शिक्काच नसेल, रंग दिलेला असेल, तेल सांडलेलं असेल, तरी नाही. आपल्या बॅचच्या एका मित्रानं असे एचटी शिक्क्याचे काही तुकडे सुप्याहून गाडीत घालून आणलेत. दोन गोण्या आहेत.

आता जरा कडू बोलतो. कुमाऊँतही सगळं गोड नव्हतं. मेलेला खुंट लांब असला की लोक जिवंत चिडाच्या बुंध्यालाच कुऱ्हाड घालायचे. जखम केली की राळ भरते, दोन वर्षांनी तिथूनच छिलुक काढायचं, परत घाव. बुंधा एका बाजूनं पोखरत जातो. वादळात पहिली पडतात ती हीच झाडं. उन्हाळ्यात पिरूळ पेटलं, की आग जमिनीवरून सरकत येते आणि राळ वाहणाऱ्या त्या जखमेत शिरते. बाकीची झाडं नुसती काळी होऊन वाचतात, हे मात्र बुंध्यातून जळतं. उत्तराखंडात 2016 च्या एप्रिल-मे मध्ये मोठे वणवे लागले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी उचलून टाकत होती. बातम्यांत ते डोंगर दिसले तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलो नाही. उस्ताद म्हणायचे, मेलेल्याचं घ्या, जिवंताचं नको. तेव्हा वाटायचं म्हातारा देवभोळा आहे. तसं नव्हतं, तो हिशेब होता.

आणि आपल्याकडे? भंडारदऱ्याला काजवे बघायला, तंबूत राहायला माणसं येतात. चांगलं आहे, गावात चार पैसे येतात, माझा पुतण्याही त्यातच आहे. पण प्रत्येक तंबूला शेकोटी पाहिजे. सरपण संध्याकाळी आणायचं म्हटल्यावर हिरड्याच्या, जांभळाच्या ओल्या फांद्या येतात. ओल्या फांद्या पेटत नाहीत, म्हणून पेट्रोल येतं. काजवे बसतात ते हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ याच झाडांवर. म्हणजे जे बघायला पाहुणा आला तेच आपण त्याच्या पुढ्यात जाळतोय. अभयारण्यात धोका होईल असा विस्तव करायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आपल्या दारात आहे. ते वनखात्याचे साहेब सांगतील, मी पुढे जातो.

मला ज्या मुलाबद्दल सांगायचंय त्याचं नाव घेत नाही. आपल्याच शाळेतून दहावी झालेला. धरणाच्या काठावर एका तंबूवाल्याकडे कामाला होता. वर्षाची शेवटची रात्र. दव पडलेलं, लाकूड ओलं, पाहुणे ओरडतायत, “आग कुठंय, आग कुठंय.” त्याला बाटलीत पेट्रोल दिलं मोटारसायकलचं. शेकोटी विझल्यासारखी दिसत होती, पण आत निखारा होता. त्यानं बाटली तिरकी केली आणि ज्वाळा धारेवरून वर चढली. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. तुम्ही हात लांब धरला तरी तुमचे पाय तिच्यातच असतात. बाटली हातात फुटली. तालुक्याला नेईपर्यंत कोणीतरी हाताला टूथपेस्ट फासली. डॉक्टरांना आधी ती काढावी लागली.

पोरांनो, हे नीट ऐका. भाजलं की वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढायचं, कारण नंतर सूज येते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. स्वच्छ फडक्यानं सैल झाकायचं आणि दवाखाना गाठायचा.

तो मुलगा वाचला. उजव्या हाताची तीन बोटं पुरती मिटत नाहीत. क्रिकेटमध्ये स्पिन टाकायचा, ते गेलं. मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो होतो. मेळाव्याला चल म्हटलं, तर म्हणाला, “शेकोटी असेल ना काका? मग नको.” माझ्याजवळ त्यावर काही उत्तर नव्हतं. त्याच्या आईनं गॅसवर चहा केला, तो घेतला आणि परत आलो.

म्हणून मी संयोजकांना सांगितलं, की रात्री शेकोटी करायचीच असेल तर मैदानावर मी पेटवीन, आणि पोरांकडून पेटवून घेईन. डिझेलचा कॅन स्टोअररूममध्ये कुलपात आहे, किल्ली हेडमास्तरांकडे. जागा व्हॉलीबॉलच्या खांबांपासून पलीकडे, गवत खुरप्यानं काढून भोवती दगडांचं कडं केलंय. वर फांदी नाही, वारा पश्चिमेचा आहे, म्हणून खुर्च्या पूर्वेला मांडायच्या नाहीत. धूर तिकडेच जाणार. सरपण वेड्या बाभळीचं, गेल्या उन्हाळ्यापासून वाळलेलं. हिरड्याची एकही फांदी नाही. ढीग छातीएवढा करायचा नाही, गुडघ्याएवढाच. मोठी शेकोटी फोटोत बरी दिसते, पण तिच्यापासून सगळे दहा हात लांब पळतात आणि गप्पा होत नाहीत. लहान ठेवली की माणसं जवळ बसतात. आमच्या लंगरमागे अशाच गुडघ्याएवढ्या शेकोटीभोवती मद्रासी, पंजाबी, गोरखा आणि आम्ही मराठे बसायचो. भाषा येत नसेल तर लाकूड पुढे सरकवायचं, एवढं पुरायचं.

मुख्याध्यापकबाईंनी विचारलंय, की राळेच्या धुराचा दमा असलेल्यांना त्रास होईल का. होईल. म्हणून राळेच्या ढलप्या फक्त पेटवण्यापुरत्या, मूठभर. पाच-सात मिनिटांत त्या जळून जातात, तोवर दम्याच्या मंडळींनी व्हरांड्यात थांबावं. मक्याची कणसं आणि वांगी त्यानंतरच, निखाऱ्यावर. ज्वाळेवर भाजायची नाहीत, आणि राळ जळत असताना तर मुळीच नाही.

अकराला विझवायची. विझवायची म्हणजे बादली ओतून झोपायला जायचं असं नाही. पाणी ओतायचं, काठीनं उलथायचं, परत पाणी, परत उलथणं. मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ धरायची. ऊब लागली तर अजून एक बादली. चार बादल्या भरून ठेवल्यात, त्यातून कोणी हात धुवायचे नाहीत. मी शेवटपर्यंत थांबणार आहे, माझ्याबरोबर नववीतली चार मुलं आणि दोन मुली थांबतील, त्यांच्या घरी सांगून झालंय.

ज्यांना खरवडायला शिकायचंय त्यांनी चहा झाला की मैदानावर या. चाकू मी देतो. कोयता असेल तर घेऊन या, पण धार लावून.